मैलाला दोन शिलिंग : 'व्हिक्टरी' या रुग्णविमानाचा प्रकरण अभ्यास

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात क्लनकरी नावाचं एक आडगाव आहे. १९२८ च्या मे महिन्यात तिथे एक प्रयोग सुरू झाला. ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन या प्रेस्बिटेरियन चर्चच्या संस्थेने क्वान्टस कंपनीचं एक विमान भाड्याने घेतलं होतं. दर मैलाला दोन शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड). विमान, वैमानिक आणि डागडुजी कंपनीकडे; डॉक्टर, औषधं आणि पैशाची चिंता मिशनकडे. मुदत एका वर्षाची. विमानाचं नाव ठेवलं 'व्हिक्टरी'. त्यातून उभी राहिलेली सेवा आज रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस या नावाने जगाला माहीत आहे.

ही हकीकत बहुतेक जण एका द्रष्ट्या पाद्र्याची आणि एका शूर विमानाची म्हणून सांगतात. पाद्री खरोखरच द्रष्टा होता, यात वाद नाही. पण 'व्हिक्टरी'ला मात्र उगाच देव्हाऱ्यात बसवलंय असं माझं मत आहे. ते त्या काळचं एक चारचौघांसारखं प्रवासी विमान होतं. प्रयोग तगला तो आधी भाडेकरारामुळे आणि मग वर्षभराने आलेल्या पायडलच्या एका यंत्रामुळे. हे का म्हणतो ते पुढे येईलच.

दुखणं काय होतं

रेव्हरंड जॉन फ्लिन १९१२ पासून या मिशनचं काम बघत होते. मुलूख एवढा अफाट की आकडे वाचून नीट अंदाजच येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ३ लाख चौरस किलोमीटरला आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या १५ लाख चौरस किलोमीटरला मिळून डॉक्टर दोन. आपल्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाखांच्या थोडं वर आहे, म्हणजे सहा महाराष्ट्रांना दोन डॉक्टर. वस्ती अगदी विरळ. गुरांचे प्रचंड वाडे, ज्यांना तिकडे 'स्टेशन' म्हणतात. एका स्टेशनापासून दुसरं घोड्यावरून दिवस-दोन दिवसांच्या वाटेवर.

अशा ठिकाणी आजारी पडणं म्हणजे काय, हे १९१७ सालच्या एका घटनेने साऱ्या देशाला कळलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून आतून जबर जखमी झाला. त्याला ५० मैलांवरच्या हॉल्स क्रीकला आणलं. तिथे डॉक्टर नव्हता, पण तारयंत्र होतं. पोस्टमास्तर टकेट यांना प्रथमोपचाराची जुजबी माहिती होती. त्यांनी पर्थच्या डॉ. हॉलंड यांना तार केली. उत्तर आलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि ते तुम्हालाच करावं लागेल. टकेटनी खिशातला चाकू आणि वस्तरा घेतला, जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेट घेतलं, आणि कट्ट-कडकट्ट करत येणाऱ्या मोर्सच्या सूचना वाचत वाचत सात तास ऑपरेशन केलं. ते जमलंही. पण नंतर प्रकृती बिघडली. डॉ. हॉलंड स्वतः निघाले : आधी गुरं वाहणाऱ्या बोटीने डर्बी बंदर, मग फोर्डची मोटार, मग घोडा, आणि शेवटी पायी. पोचले तेव्हा रोगी आदल्याच दिवशी गेला होता, आणि तोही ऑपरेशनमुळे नव्हे. अंगात मुरलेला मलेरिया आणि अपेंडिक्सचा गळू, दोन्ही कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

महायुद्धाच्या बातम्या बाजूला सारून वर्तमानपत्रं या डार्सीच्या मागे लागली होती. या घटनेत उणीव दोन गोष्टींची होती. डॉक्टर तिथवर पोचायचं साधन नव्हतं, ही सरळ दिसणारी. दुसरी त्या वेळी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही : हॉल्स क्रीकला निदान तार तरी होती. ती नसती तर पर्थला काही कळलंच नसतं. बहुतेक स्टेशनांवर ती नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लिफर्ड पील या तरुणाचं फ्लिनना एक पत्र आलं. पील वैद्यकीचा विद्यार्थी, आता हवाई दलात भरती होऊन युद्धावर निघालेला. मिशनच्या डॉक्टरने विमानातून रोग्यांकडे जावं, अशी सूचना त्याने केली होती. विमानाचा वेग, पल्ला आणि खर्च यांचा अंदाजही मांडला होता. पत्रात क्लनकरीचा उल्लेख होता. फ्लिननी ते मिशनच्या नियतकालिकात छापलं. पील १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये मारला गेला. वयाची पंचविशी न गाठलेल्या पोराचा तो आराखडा वाचून नंतरच्या लोकांना नवल वाटतं, ते रास्त आहे. मात्र पत्रापासून पहिल्या उड्डाणापर्यंत दहा वर्षं गेली, ती पैसे जमवण्यात.

विमान विकत का घेतलं नाही

पैशाची कोंडी फुटली ती एच. व्ही. मॅके यांच्या मृत्युपत्राने. सनशाइन हार्वेस्टर या कापणी-मळणी यंत्रांचे हे कारखानदार १९२६ साली वारले आणि 'हवाई प्रयोगा'साठी २,००० पौंड ठेवून गेले. (ऑस्ट्रेलियाच्या कामगार इतिहासात हेच नाव वेगळ्याच कारणाने येतं. १९०७ च्या प्रसिद्ध हार्वेस्टर निवाड्यात यांच्याच कारखान्यातली मजुरी न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अपुरी ठरवली आणि अकुशल कामगाराला दिवसाला किमान सात शिलिंग हवेत असं सांगितलं. म्हणजे त्या निवाड्यातली दिवसाची रोजी 'व्हिक्टरी'च्या साडेतीन मैलांच्या भाड्याइतकी. वीस वर्षांत मजुरी वाढली होती हे खरं, तरी उडणं किती महाग होतं त्याचा अंदाज यावरून येतो.)

२,००० पौंड हाती आल्यावर कुठल्याही संस्थेला पहिल्यांदा सुचणारी गोष्ट म्हणजे विमान विकत घेऊन त्यावर आपलं नाव रंगवणं. देणगीदारांनाही ते आवडतं. फ्लिननी ते केलं नाही. क्वान्टसचे एक संस्थापक हडसन फिश यांच्याशी त्यांचा पूर्वीपासून संवाद होता, आणि क्वान्टसकडे जे होतं ते मिशनला कितीही देणग्या जमवून उभं करता आलं नसतं. कंपनी १९२२ पासून चार्लव्हिल ते क्लनकरी टपाल उडवत होती. लाँगरीचच्या आपल्या हँगरमध्ये तिने डी हॅविलंड ५० या जातीची विमानं परवान्यावर स्वतः बांधायला घेतली होती. जिथे नवं विमान बांधून निघतं तिथे तुटकी फासळी बदलणारा सुतार, पंखाचं कापड ताणून त्यावर रोगण देणारा माणूस आणि इंजिन उघडणारा मेकॅनिक असणारच. 'व्हिक्टरी' याच जातीचं होतं. लाकूड मोडलं, कापड फाटलं, तर सुटा भाग इंग्लंडहून बोटीने यायची वाट बघायची गरज नव्हती.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. विमान हातात असणं वेगळं आणि ते सोमवारी सकाळी उडण्याच्या स्थितीत असणं वेगळं. दुसरी गोष्ट मिशनने भाड्याने घेतली.

त्या काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : मुंबईला जुहूचा विमानतळ सुरू झाला तो १९२८ सालीच. टाटांचं पहिलं टपाल विमान कराचीहून तिथे उतरायला अजून चार वर्षं होती.

विमानाची ठेवण

डी हॅविलंड ५० हे १९२३ चं डिझाइन. एक इंजिन, दोन मजली पंख, लाकडाचा सांगाडा. पुढे बंद केबिन, त्यात चार माणसांची जागा. वैमानिक मात्र केबिनच्या मागे, उघड्यावर. ऊन, धूळ, पाऊस सगळं त्याच्या तोंडावर. याच जातीच्या विमानातून ॲलन कोबम यांनी १९२४-२५ साली ब्रिटनच्या नागरी हवाई खात्याचे संचालक सेफ्टन ब्रँकर यांना लंडनहून कराची, कोलकात्यावरून रंगूनपर्यंत आणि परत नेलं होतं, तेव्हा पल्ल्याबद्दल आणि भरवशाबद्दल शंका नव्हती.

आता रुग्णविमान म्हणून याच रचनेकडे बघा. डॉक्टर आणि रोगी पुढे, वैमानिक मागे, मध्ये इंजिनाचा गडगडाट. रोग्याला उलट्या सुरू झाल्या, विमान जरा खाली घ्या, असं सांगायचं तर कसं? या जातीत दोन्ही जागांच्या मध्ये एक छोटी खिडकी असे, तेवढाच दुवा. १९२६ साली कोबम ऑस्ट्रेलियाकडे निघाले असताना बगदाद आणि बसरा यांच्या दरम्यान जमिनीवरून झाडलेली गोळी केबिनमधल्या एलियट या मेकॅनिकला लागली. आवाज कोबमनी ऐकला, पण झालं काय ते त्या खिडकीतून विचारावं लागलं. आणि एलियटलाही आधी पेट्रोलची नळी फुटली असंच वाटलं. एलियट वाचला नाही. पुढे बसलेल्या जखमी माणसाबद्दल मागच्या वैमानिकाला किती कळत असे, हे यावरून समजावं.

इंजिन सिडली प्यूमा, सहा सिलिंडरचं, २३० अश्वशक्तीचं आणि पाण्याने थंड होणारं. हे शेवटचं विशेषण क्लनकरीत महत्त्वाचं. या गावाच्या नावावर एकेकाळी देशातल्या सर्वाधिक तापमानाचा विक्रम होता, १८८९ सालचे ५३.१ अंश. तापमापक नियमाप्रमाणे बसवलेला नव्हता म्हणून तो आकडा पुढे रद्दबातल झाला. तरी उन्हाळ्यात तिथे चाळिशी ओलांडणं नेहमीचं. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा दमही कमी पडतो, आणि रेडिएटरमधलं पाणी उकळायला टेकतं. दुपारी भरल्या वजनाने निघायचं तर मोकळं मैदान लांबलचक हवं.

आणि मैदानं होती कशी? कोरड्या चिकणमातीची सपाटी, किंवा घाईघाईने झुडपं तोडून केलेला गुरांच्या कुरणाचा तुकडा. वैमानिक आर्थर अ‍ॅफ्लेक यांच्याकडे होकायंत्र होतं, नकाशे अपुरे किंवा नव्हतेच, रेडिओ नव्हता. कुंपणाची रेघ, नदीचं कोरडं पात्र, तारेचे खांब, गाडीच्या चाकोऱ्या बघत जायचं. रात्री उडायचं ते फक्त जीव जायची वेळ आली तर. सुरुवातीला परतीचं पेट्रोलही बरोबरच न्यावं लागे, म्हणजे त्या वजनाएवढा माणूस किंवा सामान कमी. पुढे नेहमीच्या वाटेवरच्या काही स्टेशनांवर पेट्रोलचे साठे ठेवले गेले.

पहिलं वर्ष

१७ मे १९२८ ला डॉ. केन्यन सेंट व्हिन्सेंट वेल्च यांना घेऊन अ‍ॅफ्लेक क्लनकरीहून निघाले आणि ८५ मैलांवरच्या जुलिया क्रीकला उतरले. वेल्च सिडनीचे सर्जन. उतरायच्या जागी शंभरावर माणसं जमली होती. तिथल्या इस्पितळात डॉक्टरांनी दोन छोटी ऑपरेशनं केली. विमानातून रोगी आणायचा प्रश्न त्या दिवशी आलाच नाही. डॉक्टर रोग्यांकडे गेला.

वर्षाअखेरचे आकडे असे : ५० उड्डाणं, २६ ठिकाणं, २२५ रुग्ण, सुमारे २०,००० मैल. आता पेन्सिल घेऊन बसा. २०,००० मैल गुणिले दोन शिलिंग म्हणजे ४०,००० शिलिंग, म्हणजेच २,००० पौंड. मॅकेंनी ठेवलेली रक्कम नेमकी एवढीच. एका वर्षाच्या नुसत्या उडण्याच्या भाड्याला ती पुरली असती, डॉक्टरचा पगार आणि औषधं धरलीच नाहीत. हा योगायोग की आधीच आखलेलं अंदाजपत्रक, ते आकड्यांवरून सांगता येत नाही. पण पहिल्या वर्षाची उडी किती लांब मारायची याचं भान फ्लिनना होतं असं मला वाटतं.

आणखी एक भागाकार. २२५ भागिले ५०, म्हणजे एका उड्डाणामागे साडेचार रुग्ण. आपण 'एअर अ‍ॅम्ब्युलन्स' म्हटलं की स्ट्रेचरवरचा एक गंभीर रोगी आणि धावपळ डोळ्यांसमोर येते. हा आकडा वेगळं चित्र दाखवतो : विमान एखाद्या ठिकाणी उतरलं की तिथली आणि आसपासची माणसं दाखवायला येत होती. दात दुखणारा, जुनी जखम चिघळलेला, बाळंतपण जवळ आलेली, सगळे एकाच खेपेत. साडेचार रुग्णांत विभागलं म्हणूनच रुग्णामागे भाडं नऊ पौंडांच्या आसपास आलं. दर खेपेला एकच रोगी असता तर सरासरी ४०० मैलांच्या उड्डाणाचे ४० पौंड त्या एकट्याच्या नावावर पडले असते आणि वर्षभरानंतर प्रयोग गुंडाळावा लागला असता.

पण ५० उड्डाणं म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. एवढ्या मुलखात एवढीच माणसं आजारी पडत होती? अर्थात नाही. बाकीच्यांचा निरोप पोचतच नव्हता.

निरोप

डार्सीच्या वेळची ती दुसरी उणीव इथे उघडी पडली. विमान तयार, वैमानिक तयार, डॉक्टर बॅग भरून बसलेला. पण स्टेशनवरचा माणूस घोड्यावरून तारऑफिस गाठणार, तिथून तार क्लनकरीला येणार, तोवर व्हायचं ते होऊन जाणार. ताशी ८० मैल उडणाऱ्या विमानाचा वेग शेवटी त्या घोड्याच्या वेगावर अडून होता.

फ्लिनना हे ठाऊक होतं आणि विमानाच्या आधीपासून ते रेडिओच्या मागे लागले होते. अडचण विजेची. बॅटऱ्या जड, महाग, आणि आडरानात चार्ज कुठे करणार? अ‍ॅडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या इंजिनिअरने छोट्या जनरेटरला सायकलची पायडलं जोडली. बसल्या बसल्या पायाने फिरवायचं, हात मोकळे. सुमारे २० वॅट वीज निघे आणि तेवढ्यावर शेकडो किलोमीटर संदेश जाई. १९२९ मध्ये असे संच स्टेशनांवर बसू लागले. आधी मोर्स शिकणं भाग होतं. मग ट्रेगरनीच टंकलेखन यंत्रासारखा कळफलक केला : अक्षराची कळ दाबली की त्याचा मोर्स संकेत आपोआप जाई. स्वयंपाकघरातून उठून आलेली बाई मोर्स न शिकता निरोप पाठवू शकत होती. तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत थेट बोलताही येऊ लागलं.

यानंतर विमानाचं काम बदललं. डॉक्टर आधी लक्षणं विचारू लागला. कित्येकदा औषध सांगून काम भागे, उडायची गरजच नसे. आणि उडायचं तेव्हा काय सामान घ्यायचं हे आधी कळे. ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर फ्लिन यांच्याबरोबर 'व्हिक्टरी' आहे, तसा पायडल रेडिओही आहे. नोट काढणाऱ्यांनी एवढा न्याय केला आहे.

एक गोष्ट मात्र या हकीकतीत सहसा कुणी काढत नाही. रेडिओचा संच असे तो स्टेशनच्या मालकाच्या घरात किंवा मिशनच्या ठाण्यावर. म्हणजे कुणासाठी डॉक्टर बोलवायचा हे बहुतांशी घरमालक ठरवणार. गुरांमागे राबणाऱ्या आदिवासींच्या हातात ते पायडल नव्हतं. इनलँड मिशनचा सारा रोख गोऱ्या वसाहतकऱ्यांवर होता, आणि त्याबद्दल फ्लिन यांच्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. २२५ रुग्णांच्या आकड्याकडे बघताना हे विसरून चालणार नाही.

मंदी आणि बदली

१९२९ च्या शेवटी जागतिक मंदी आली. देणग्या आटल्या. १९३१ साली क्लनकरीला डॉ. अ‍ॅलन व्हिकर्स आले आणि त्यांनी पडत्या काळात सेवा चालू ठेवली. इथे भाड्याच्या कराराचा गुण पुन्हा दिसतो. विमान स्वतःचं असतं तर ते उडो न उडो, हँगर, मेकॅनिक, घसारा यांचा खर्च सुटला नसता. मैलावर भाडं असल्यामुळे हात आखडता घेता येत होता. याची दुसरी बाजूही आहे : दर वेळी निघताना डॉक्टरच्या मनात मैलांचा हिशेब चालला असणार, आणि रेडिओवरून ऐकलेल्या पोटदुखीसाठी ४० पौंड खर्चायचे की सकाळपर्यंत थांबायचं हा प्रश्न त्याला एकट्याने सोडवायचा होता.

'व्हिक्टरी' १९३४ पर्यंत चाललं. सहा वर्षांत १,१०,००० मैल, म्हणजे पावणेदोन लाख किलोमीटर. त्याच्या जागी आलं डी हॅविलंडचंच फॉक्स मॉथ. इंजिन जेमतेम १३० अश्वशक्तीचं, पण हवेने थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरची कटकट गेली आणि पेट्रोलही कमी लागू लागलं. अर्ध्याच्या जरा वर ताकदीत जवळपास तेवढीच माणसं नेता येत होती. मजेची गोष्ट अशी की वैमानिक याही विमानात केबिनच्या मागे उघड्यावरच बसायचा.

त्याच सुमारास चर्चने ओळखलं की हे ओझं आपल्या एकट्याच्या खांद्याला झेपणारं नाही. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियन एरिअल मेडिकल सर्व्हिसेस ही राष्ट्रीय संस्था झाली आणि राज्याराज्यांत शाखा निघू लागल्या. १९४२ मध्ये नाव फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस झालं, १९५५ मध्ये पुढे 'रॉयल' लागलं. फ्लिन १९५१ साली वारले. स्टेशनांवर क्रमांक घातलेल्या औषधांच्या पेट्या ठेवायची पद्धत चाळीसच्या दशकात आली, आणि पुढे शरीराचा क्रमांक घातलेला तक्ता. 'कुठे दुखतं?' 'सात नंबरला.' 'मग अमुक नंबरच्या बाटलीतल्या दोन गोळ्या द्या.' बऱ्याच रोग्यांचं काम विमान हललंच नाही तरी होऊन जाई.

आज या सेवेकडे पिलाटस आणि किंग एअर विमानं आहेत. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला, आत चालता-फिरता अतिदक्षता विभाग, वैमानिक पुढे काचेआड. उतरायच्या जागेची अडचण मात्र काही भागांत अजून आहे. म्हणून दक्षिणेकडच्या आयर महामार्गावर डांबरी रस्त्याचेच काही सरळ तुकडे आखून ठेवले आहेत. दोन्ही टोकांना धावपट्टीसारखे पांढरे पट्टे आणि पाटी, आणि विमान यायचं असेल तेव्हा त्या तुकड्यावरची वाहतूक थांबवतात.